नाहीतर परभणी!

मुलांनो, परभणीबद्दलची एक म्हण तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ऐकली असेल. नसेल ऐकली, तर घरातल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारा. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी!’ परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून या म्हणीला असा उर्दू-हिंदीचा बाज. तिचे अर्थ दोन-तीन सांगितले जातात. त्यातला एक फार छान आहे. नशीब काढायला खुशाल बाहेर पडा. जमलं तर उत्तमच, नाही जमलं तर परतायला परभणी आहेच की!

आता तुम्ही म्हणाल, या म्हणीचा आणि शेअर बाजाराचा काय संबंध? सांगते म्हण तेच, जे शेअर बाजारात उतरणारी पुष्कळ मोठी माणसं विसरतात. ‘बनी तो बनी’ सगळेच म्हणतात. शंभराचे हजार कसे झाले, अमक्याने बंगला कसा बांधला, हे रंगवून सांगणारे ढिगाने भेटतात. पण ‘नहीं तो’? नाही जमलं, तर परतायची जागा कोणती? ती शिल्लक ठेवली आहे का? आज आपण फक्त या दुसऱ्या अर्ध्या म्हणीबद्दल बोलणार आहोत. हा लेख वाचून झाला की आई-बाबांच्या हातात द्या, बरं का!

आधी शेअर म्हणजे काय ते पटकन पाहू. समजा, एका कंपनीच्या मालकीचे एक लाख सारखे तुकडे केले. त्यातला एक तुकडा म्हणजे एक शेअर. मराठीत त्याला समभाग म्हणतात. तुमच्याकडे एक शेअर असेल, तर त्या कंपनीचे तुम्ही एक लाखांश मालक. कंपनी वाढली, नफ्यात आली, की तुमच्या तुकड्याला जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक मिळतं. कंपनी बुडाली, की तुकड्याला कुणी विचारत नाही. शेअरची किंमत म्हणजे आजच्या घडीला दुसरा माणूस त्याला जे द्यायला तयार आहे ते. उद्या तो काय देईल, हे कुणालाच ठाऊक नसतं. या ‘ठाऊक नसण्या’चंच नाव जोखीम.

आणि जोखीम म्हणजे काय, हे परभणीच्या शेतकऱ्याला शिकवायला नको! गोदावरी, पूर्णा, दुधना अशा नद्या जिल्ह्यातून वाहतात खऱ्या, पण बऱ्याच शेतांचा भरवसा शेवटी आभाळावर. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, मातीचा वास सुटला, की कुणालाही वाटतं आता पेरावं. तरी कृषी खातं आणि परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी बजावतं: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. का? कारण थोड्या ओलीवर बी उगवतं, मग पाऊस दडी मारतो, कोंब करपतात आणि दुबार पेरणी करावी लागते. म्हणजे बियाणं दोनदा, खत दोनदा, मजुरी दोनदा. हा ७५ ते १०० चा आकडा पाहा. ‘मन म्हणेल तेव्हा पेरा’ असं तो सांगत नाही. मन शांत असताना आधीच ठरवून ठेवलेलं ते माप आहे. पुढे शेअर बाजारात आपल्याला असंच एक माप भेटणार आहे.

आणखी एक गंमत. शेतकऱ्याच्या घरी सोयाबीनचं बियाणं राखून ठेवलेलं असतं. ते पेरायच्या आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतात आणि काही दिवसांनी उघडून पाहतात. सत्तर किंवा जास्त दाण्यांना चांगले कोंब आले, तर बी पेरायला लायक. शंभर दाण्यांवर परीक्षा, मगच पोतंभर बी मातीत! थोड्यावर पारखून मग पुढे जायचं.

आता शेतात डोकावू. सोयाबीनच्या काही ओळी, मग तुरीच्या एक-दोन ओळी, पुन्हा सोयाबीन. कापसाच्या सहा-आठ ओळींनंतर तुरीची एक ओळ. हे आंतरपीक. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत काढणीला येतं, तूर पाच-सहा महिने उभी असते. समजा, काढणीच्या वेळी पावसाने सोयाबीन भिजवून काळं केलं. शेतकरी रडतो, पण बांधावर उभं राहून पाहतो तर तूर अजून हिरवी आहे. दोन पिकांवर एकच संकट एकाच दिवशी येत नाही, निदान सहसा येत नाही. ‘सहसा’ म्हटलं, कारण १९७२ सारख्या दुष्काळात सोयाबीन काय आणि तूर काय, पाणी दोघांनाही हवं! म्हणून शहाणं घर पिकांवर थांबत नाही. गोठ्यात म्हैस, चार शेळ्या, थोरल्याची नोकरी, आणि कणगीत वर्षाची ज्वारी. (त्याच १९७२ साली, १८ मे रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं. आज त्याच्या नावात वसंतराव नाईकांचं नाव आहे.)

शेअर बाजारातही हेच. पाच वेगवेगळ्या बँकांचे शेअर घेतले, म्हणजे पैसे पाच ठिकाणी विभागले असं वाटतं. प्रत्यक्षात ते पाचही एकाच पावसावर अवलंबून असलेली पिकं आहेत. व्याजदर बिघडले, कर्जं बुडू लागली, की पाचही एकदम सुकतात. एक बँकेचा, एक औषधाचा, एक साबण-बिस्किटांचा, एक सिमेंटचा अशी निवड केली, तर ते खरं आंतरपीक. आणि बाजारच दुष्काळात सापडला तर? त्यासाठी कणगी. म्हणजे बँकेतली ठेव, पोस्टातलं खातं.

आता तुम्हाला कापसाची एक खरी गोष्ट सांगायची आहे. परभणीवरून जाणारी आगगाडी सुरू झाली १९०० च्या सुमारास. ही गोष्ट त्याच्याही आधीची, १८६१ ची. त्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कापसावर चालत. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि तो कापूस बंद झाला. मग गिरणीवाल्यांना आठवण झाली हिंदुस्थानातल्या काळ्या जमिनीची! वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस मुंबईच्या बंदरातून सोन्याच्या भावाने जाऊ लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. एवढ्या पैशाचं करायचं काय? रोज नव्या बँका, नव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या ‘बॅक बे’ कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांवर गेला! व्यापारी तर सोडाच, कारकून, दुकानदार, कोण कोण शेअर घेऊ लागलं. खिशात पैसे नसले तरी चालत. वायद्याचे सौदे होते ना! ‘अमुक तारखेला अमुक भावाने घेईन’ असं आज कबूल करायचं, पैसे तेव्हा द्यायचे. तोवर भाव वाढलेला असणारच, मग चिंता कसली? बँकासुद्धा शेअर तारण ठेवून कर्ज देत आणि त्या कर्जातून माणसं आणखी शेअर घेत.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. युद्ध संपलं. जगाला केवढा आनंद! मुंबईत मात्र कापसाचा भाव कोसळला आणि त्यापाठोपाठ सगळं कोसळलं. बऱ्याच वायद्यांचा दिवस ठरला होता १ जुलै १८६५. त्या दिवशी ज्याने त्याने ज्याच्या त्याच्याकडे पैसे मागितले, आणि पैसे कुणाकडेच नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा २८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांना विकायची वेळ आली. १८६८ मध्ये तर ती बँकच गुंडाळावी लागली.

या सगळ्या उलाढालीत सर्वांत मोठं नाव होतं प्रेमचंद रायचंद यांचं. कापसाचे बादशहाच म्हणा! तेही या पडझडीत सापडले. पण १८६४ मध्ये, तेजीत असतानाच, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय आणि घड्याळाचा मनोरा बांधायला चार लाख रुपये देऊन टाकले होते. मनोऱ्याला आईचं नाव द्यावं, एवढंच त्यांचं मागणं. मुंबईला गेलात तर ओव्हल मैदानाशेजारी तो राजाबाई टॉवर जरूर पाहा. बाजारात फिरत राहिलेला पैसा गेला, बाजाराबाहेर काढलेला मात्र दगडाचा होऊन आजही उभा आहे.

चला, आता वही-पेन्सिल घ्या. तोट्याचं गणित साधं आहे, पण भलतंच फसवं. शंभर रुपये होते, दहा टक्के तोटा झाला, उरले नव्वद. पुन्हा शंभर व्हायला किती टक्के नफा हवा? दहा? करून पाहा. नव्वदाचे दहा टक्के नऊच, म्हणजे नव्व्याण्णवच होतात. हवेत अकरा टक्क्यांहून थोडे जास्त. ठीक, फार फरक नाही. आता तोटा पन्नास टक्के धरा. उरले पन्नास. पन्नासाचे शंभर करायला नफा हवा शंभर टक्के! आणि तोटा ऐंशी टक्के झाला, तर उरलेल्या विसाचे शंभर व्हायला चारशे टक्के. खड्डा जितका खोल, तितका वर येण्याचा चढ जास्तच उभा होत जातो.

हे कागदावरचं गणित प्रत्यक्षात घडलेलं आहे. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, म्हणजे सेन्सेक्स, ८ जानेवारी २००८ ला २०,८७३ वर बंद झाला होता. जगभर आर्थिक संकट आलं आणि ९ मार्च २००९ ला तो ८,१६० वर आला. म्हणजे शंभराचे एकोणचाळीस. परत वर यायला दीडशे टक्क्यांहून जास्त वाढ हवी होती. ती झालीसुद्धा, नोव्हेंबर २०१० मध्ये निर्देशांक पुन्हा त्या उंचीला पोचला. ज्यांना मधल्या काळात पैशांची गरज पडली नाही, ते तरले. ज्यांनी मुलीच्या लग्नाचे किंवा मुलाच्या फीचे पैसे लावले होते, त्यांना मार्च २००९ च्या भावात विकावं लागलं. बाजार तोच, पडझड तीच. पण एकाकडे परतायला परभणी होती, दुसऱ्याकडे नव्हती.

मग खड्डा खोल होण्याआधी थांबायचं कसं? पुन्हा कापसाच्या शेतात जाऊ. कापसात काठीला टांगलेले कामगंध सापळे तुम्ही पाहिले असतील. त्यात गुलाबी बोंडअळीचे पतंग अडकतात. एक-दोन पतंग दिसले म्हणून कुणी धावत फवारणी करत नाही, आणि बोंडं किडेपर्यंत वाटही पाहत नाही. एका सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन दिवस, असं झालं की हालचाल करायची. याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. हाच आकडा शेअर बाजारात ‘स्टॉप लॉस’ या नावाने वावरतो. शेअर दोनशेला घेतला. घेतानाच दलालाकडे नोंदवून ठेवलं, की भाव एकशेऐंशीला आला तर विकून टाक. घेतानाच का? कारण तोट्यात माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. ‘आज ना उद्या वर येईल’ असं म्हणत तो एकशेऐंशीचे दीडशे आणि दीडशेचे नव्वद होऊ देतो. वर आणखी शेअर घेतो, स्वस्त झाला म्हणून!

आता यातला सर्वांत उपयोगी हिशेब. तो का कोण जाणे, फारसा कुणी सांगत नाही. समजा, बाबांनी बाजारासाठी पन्नास हजार रुपये बाजूला काढले. त्यांनी ठरवलं, एका सौद्यात दोन टक्क्यांपेक्षा जास्त गमवायचं नाही. म्हणजे हजार रुपये. शेअर दोनशेचा, बाहेर पडायचा भाव एकशेऐंशी. एका शेअरमागे तोटा वीस रुपये. हजाराला विसाने भागा. पन्नास! म्हणजे पन्नासच शेअर घ्यायचे, दहा हजारांचे. दुसरा शेअरही दोनशेचाच, पण माकडासारखा उड्या मारणारा; त्याला दीडशेपर्यंत मोकळीक द्यावी लागते. आता हजाराला पन्नासाने भागा. वीसच शेअर, चार हजारांचे. कळलं का? जेवढा उनाड शेअर, तेवढा थोडा घ्यायचा. असे सलग दहा सौदे चुकले, तरी घरात चाळीस हजारांच्या आसपास शिल्लक राहतात. ‘किती मिळतील?’ हा प्रश्न या हिशेबात आलाच नाही, लक्षात आलं का?

स्टॉप लॉस म्हणजे जादूची छडी आहे असं मात्र समजू नका. तो फार जवळ लावला, तर साध्या हेलकाव्यातही शेअर विकला जातो आणि मग आपल्या डोळ्यांदेखत वर जातो. आणि कधीकधी तो उपयोगीच पडत नाही. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स या कंपनीचं उदाहरण घ्या. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं, की हिशेबाच्या वह्यांत वर्षानुवर्षं खोटे आकडे लिहिले जात होते. आदल्या दिवशी १७९ रुपयांना असलेला शेअर त्या दिवशी चाळीसच्या आसपास बंद झाला. तुम्ही १७० ला स्टॉप लॉस लावला असेलही; पण १७० ला घेणारं गिऱ्हाईक तर हवं ना! अशा वेळी वाचवतं ते आंतरपीकच. ज्याने पन्नास हजारांतले अडीच हजारच सत्यममध्ये ठेवले होते, त्याचे दोन हजारांहून थोडे कमीच गेले. ज्याने सगळे ठेवले होते, त्याच्याकडे अकरा हजारांच्या आसपास उरले.

माझं मत विचाराल, तर रोज घेणं-विकणं करणाऱ्याला स्टॉप लॉसशिवाय गत्यंतर नाही. पण जे घर दहा-पंधरा वर्षांसाठी थोडे थोडे पैसे बाजूला टाकतं, त्याच्यासाठी पैसे अनेक कंपन्यांत विभागणं आणि घाई नसणं हेच खरं कुंपण. म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम घालणारे यातलं बरंचसं नकळत साधतात. तिथेही भाव पडतातच, हे लक्षात ठेवायचं.

आता थोडं पालकांसाठी. १८६५ चे वायदे संपले असं समजू नका. त्यांचीच नातवंडं आज ‘फ्युचर्स’ आणि ‘ऑप्शन्स’ या नावांनी प्रत्येक मोबाइलमध्ये आहेत. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अहवाल काढला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक सामान्य माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. खर्च धरून प्रत्येकी सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये. शंभर जण आत गेले, त्र्याण्णव हात पोळून बाहेर आले. गावातल्या कट्ट्यावर उरलेल्या सातांपैकी एकाचीच गोष्ट रंगते, एवढंच!

मोबाइलवरच्या अनोळखी ग्रुपमध्ये ‘महिन्यात दुप्पट’ असं कुणी लिहिलं, तर तो ग्रुप मुलांनीच आधी ओळखावा. सुरुवातीला पडद्यावर नफा वाढताना दिसतो, काढायला गेलं की ‘आधी कर भरा, फी भरा’ सुरू होतं. सल्ला देणारा सेबीकडे नोंदलेला आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत पाहता येतं. बँकेतल्या ठेवीला एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा आहे. शेअरचा भाव पडला तर भरपाई देणारा असा विमा नाही. म्हणून आधी काही महिन्यांचा घरखर्च, शाळेची फी, दवाखान्याची तजवीज, पेरणीचा पैसा, आणि या सगळ्यानंतर जे उरेल तेच बाजारात. पीककर्ज काढून शेअर घेणं म्हणजे पेरायला आणलेलं बी विकून लॉटरीचं तिकीट घेणं. मुलांच्या नावाने पालकांच्या देखरेखीखाली डिमॅट खातं उघडता येतं खरं, पण त्याआधी वर्षभर वहीतला खेळ बरा.

तो खेळ असा. खोटे दहा हजार रुपये घ्या. वर्तमानपत्रात ज्यांचे भाव येतात अशा चार वेगवेगळ्या धंद्यांतल्या कंपन्या निवडा. वहीत पाच रकाने आखा: कंपनी, का घेतली, किती घेतले, कुठल्या भावाला बाहेर पडणार, काय झालं. चौथा रकाना भरल्याशिवाय तिसरा भरायचा नाही. दर रविवारी भाव लिहा. भावंडांत लावा पैज. मात्र जिंकणारा ठरवताना कुणाचे सर्वांत जास्त वाढले एवढंच पाहू नका, कुणाची वही एकदाही सर्वांत खाली गेली नाही तेही पाहा.

आणि जाता जाता एक कोडं. शंभर रुपयांचा शेअर आधी वीस टक्के पडला, मग वीस टक्के चढला. तुमच्याकडे किती रुपये आहेत? आता क्रम उलटा करा: आधी वीस टक्के चढला, मग वीस टक्के पडला. या वेळी किती? उत्तरासाठी पुढच्या अंकाची वाट पाहायची नाही, वहीतच करून पाहा!